जनतेचा कौल मान्य, पण यादी आण इकडे

बांधावरचा | सोम, २५ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:४०

हा धागा राजकारणात टाकावा की ललितमध्ये, कळेना. संपादकांनी हवा तिथे हलवावा.

माझे चुलते, तात्या, आमच्या तालुक्यात पक्षाचे तालुकाध्यक्ष. पक्ष कुठला ते सांगत नाही. शनिवारी महाविकास आघाडीच्या २८८ पैकी ४६ जागा आल्या आणि त्या ४६ मध्ये आमची नाही, एवढ्यावर ओळखा.

सकाळी आठला मोजणी सुरू झाली. चौदाव्या फेरीपर्यंत तात्यांचं एकच पालुपद, "आपला पट्टा अजून फुटायचाय." सतराव्या फेरीला आमचा पट्टा फुटला आणि त्यातही आम्ही मागे. तात्या मोजणीच्या हॉलमधून बाहेर आले, बिसलेरीची बाटली डोक्यावर रिकामी केली आणि गाडीत येऊन बसले. मी गाडी चालवायला. गाडीत मागे गुलालाची चार पोती.

तेवढ्यात जेसीबीवाल्याचा फोन. मिरवणुकीत वरून फुलं-गुलाल टाकायला आठ दिवस आधी सांगून ठेवलेला. तो म्हणाला, "तात्या, राग नसंल तर तिकडं जाऊ का? त्यांचा फोन येऊन ऱ्हायलाय." तात्या म्हणाले, "जा बाबा, तुझा हप्ता थोडाच थांबणारे." वर त्यालाच विचारलं, तिकडं गुलाल कमी पडत असंल तर आपली पोती घेऊन जातो का. तो खरंच घेऊन गेला. म्हणजे आमचाच गुलाल, आमच्याच जेसीबीतून, त्यांच्या डोक्यावर. पैसे अजून यायचेत.

संध्याकाळी यूट्यूब चॅनेलचं एक पोरगं माईक घेऊन घरी आलं. "जनतेचा कौल मान्य आहे, आम्ही आत्मपरीक्षण करू" हे वाक्य तात्या तीनदा बोलले. पहिल्यांदा घसा बसला, दुसऱ्यांदा आतून कुकरची शिट्टी झाली, तिसऱ्यांदा नीट झालं. खरं सांगतो, तिसऱ्या वेळी मलासुद्धा पटलं की मान्य आहे.

पोरगं गेलं, तात्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "यादी आण इकडं."

यादी म्हणजे केंद्रनिहाय आकडे. आमच्या मोजणी प्रतिनिधींनी टेबलावर बसून वहीत उतरवलेले. रात्री साडेदहा ते अडीच मी आकडे वाचत होतो आणि तात्या लाल पेनाने गावापुढे लिहीत होते. लीड चाळीस. मायनस एकशे बारा. मायनस सत्तर. प्रत्येक मायनसला तोंडी शेरा. "ह्यांला डीपी कुणी आणून दिली? मी." "ह्याच्या पोराचं ॲडमिशन कुणी केलं?" "ही वस्ती तर आपल्या मळ्याच्या पाण्यावर जगती." एका मायनसला नुसतंच हसले.

मधेच काकू चहा घेऊन आल्या. तात्या म्हणाले, बायांनी घात केला, दीड-दीड हजारात. काकू कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "माझ्या खात्यावर बी साडेसात हजार आलेत दिवाळीपर्यंत. बोला." तात्या यादीत बघत राहिले. (काकू लाडकी बहीण योजनेत बसतात का, हा वेगळा विषय. कृपया त्यावर धागा वळवू नये.)

तर प्रश्न असा. कॅमेऱ्यासमोरचं सगळे बघतातच. तुमच्याकडचे पुढारी हरल्यावर दार लोटून काय करतात?

---

चहा_कमी_साखर | २६ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

पहिला!
जेसीबी जबरी. पोत्यांचे पैसे आले का ते कळवत चला.

---

केंद्राध्यक्ष_सक्तीचा | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे जवळपास प्रत्येक निवडणुकीत साहित्याची पेटी उराशी धरून झोपलोय. थोडं मास्तरकीचं बोलतो, माफी असावी.

तुमच्या तात्यांची यादी ही यंत्राची देणगी आहे. मतदान संपलं की आम्ही नमुना १७सी भरतो. यंत्रात एकूण किती मतं पडली ते त्यात असतं आणि त्याची प्रत हजर असलेल्या पोलिंग एजंटांना देतो. मोजणीत त्याच यंत्राचा आकडा उमेदवारवार सांगितला जातो आणि शेवटी नमुना २० मध्ये केंद्रवार छापला जातो. म्हणजे हजार-बाराशे मतदारांच्या कुठल्या कोपऱ्याने काय केलं, हे कायदेशीररीत्या जगजाहीर.

कागदी शिक्क्याच्या काळात असं व्हायलाच हवं असं नव्हतं. निवडणूक नियमांत ५९अ नावाचा नियम आहे. आयोगाला वाटलं तर मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. मोठ्या पिंपात घालून ढवळायच्या, मग गठ्ठे बांधायचे. तेव्हा पुढाऱ्याला अंदाज बांधावा लागे. आता अंदाजाची गरजच उरली नाही.

आयोगाला हे दिसत नव्हतं असं नाही. २००८ मध्ये आयोगानेच 'टोटलायझर' सुचवला होता. चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि एकच बेरीज बाहेर काढायची, म्हणजे कुठल्या वस्तीने काय केलं ते कळायला नको. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५५व्या अहवालात पाठिंबाही दिला. केंद्र सरकारने मात्र नको म्हटलं. कारण काय, तर केंद्रवार आकडे असले की आपण कुठे कमी पडलो ते पक्षांना कळतं आणि तिथे जास्त काम करता येतं.

'जास्त काम'. तुमच्या तात्यांच्या लाल पेनाला हे सांगून बघा.

---

सीनामाई | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

आमच्या कर्जत-जामखेडचं ऐका. रोहित पवारांकडून भाजपचे राम शिंदे १,२४३ मतांनी पडले. २०१९ ला ते ४३,३४७ नी पडले होते. तेव्हा कुणी यादी घेऊन बसलं असेल असं वाटत नाही, त्रेचाळीस हजाराला कुठल्या वाडीला धरणार? या वेळी मात्र केंद्रामागे मोजक्या मतांचा खेळ. एवढ्याशा फरकाने पडलेल्या माणसाला प्रत्येक पार आणि प्रत्येक टपरी आठवत असणार.

पण शिंदेसाहेबांनी यादी वाड्यावस्त्यांवर नाही, थेट वरती धरली. काल कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी काका-पुतणे समोरासमोर आले आणि अजितदादा रोहितला म्हणाले, थोडक्यात वाचलास, माझी सभा झाली असती तर काय झालं असतं. झालं. शिंदेंनी तेच धरून सांगितलं की हा ठरवून केलेला कट होता, मी त्याचा बळी. युतीचा उमेदवार युतीच्याच नेत्याकडे बोट दाखवतोय, आणि ते दोनशे तीस जागा आलेल्या दिवसांत. जिंकलेल्या लग्नातला हरलेला पाहुणा, अजून काय.

---

रोखठोक_पाटील | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

कसली यादी घेऊन बसलाय राव? सगळं यंत्रात आहे. जूनमध्ये लोकसभेला आघाडीला ४८ पैकी ३० देणारा महाराष्ट्र पाच महिन्यांत असा फिरतो का?

---

नवा_भिडू_जुना_डाव | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:२२

@रोखठोक, जूनमध्ये भाजप २३ वरून ९ वर आला तेव्हा तीच यंत्रं होती. तेव्हा फडणवीस दुसऱ्याच दिवशी म्हणाले, जबाबदारी माझी, मला सरकारमधून मोकळं करा. केलं कुणी नाही, ते सोडा. पण त्यांनीही याद्या काढल्याच असतील ना? पाच महिन्यांत १३२ उगाच आले नाहीत. संशय असेल तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच वाट दाखवलीय. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालापासून सात दिवसांत अर्ज करायचा, मतदारसंघातली पाच टक्के यंत्रं तपासून घ्यायची. एका संचाला ४७,२०० रुपये. घोळ सापडला तर पैसे परत.

---

रोखठोक_पाटील | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:२६

४७,२०० गुणिले किती, ते करा. हरलेल्याकडे पेट्रोलला पैसे नसतात.

---

नवा_भिडू_जुना_डाव | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:२९

जेसीबीला होते.

---

संपादक | २६ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

यंत्रांवर आधीच तीन धागे वाहताहेत. तिकडे जावे. मधले सात प्रतिसाद उडवले आहेत.

---

वऱ्हाडी_ठेचा | २६ नोव्हेंबर, दुपारी २:४०

काय सांगू भाऊ, आमच्या अमरावती जिल्ह्यात त एकाच दिवशी मोठे मोठे पडले. अचलपूरले बच्चूभाऊ कडू, चार डाव निवडून आलेला माणूस. तिवस्याले यशोमतीताई ठाकूर. आता कोनाले काय म्हनता? अन् तिकळे साकोलीत नानाभाऊ पटोले जितले, त २०८ मतांनी. काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष माणूस. जितून बी तोंड पडल्यावानी. दोनशे आठ मतं म्हंजे एका लग्नातली पंगत.

तुमच्या तात्याले सांगा, यादी जाळून टाका अन् सोयाबीन पाहा. भाव त्याहून पडला हाय.

---

मांडवीकाठ | २६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

गोव्यात मतदारसंघच एवढे लहान की यादी लागतच नाही. पणजीत बावीस हजारांच्या आसपास मतदार. २०२२ ला उत्पल पर्रीकर अपक्ष उभे राहिले आणि ७१६ मतांनी हरले. वाड्यावरची म्हातारीसुद्धा सांगेल कुठल्या घरात किती. पण गंमत पुढेच. निकालाच्या दिवशी रडगाणं जिंकलेल्याने गायलं! बाबूश मोन्सेरात भाजपच्या तिकिटावर जिंकले आणि तक्रार काय, तर पक्षाच्या कार्यकर्त्यांनीच आपलं काम केलं नाही. म्हणजे जिंकूनही यादी काढलीच. हिशेब हरल्यावरच करतात असं थोडंच आहे?

---

अक्कामावशी | २७ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

सगळे विधानसभेचं लिहिताहेत. मी ग्रामपंचायतीचं लिहिते. पुरुषमंडळींना हे मजेचं वाटतंय म्हणून मुद्दाम.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातून दीर उभे होते. प्रभागात चारशेच्या आत मतदान आणि नऊ मतांनी पडले. लोकांसमोर छान बोलले, विरोधकाच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. रात्री ओसरीवर सासरे, दीर आणि चार माणसं बसली. मतदारयादीची झेरॉक्स मधे. एकेक नाव वाचायचं आणि शपथेवर सांगायचं, हा आपला की त्यांचा. मी आत पोळ्या लाटत सगळं ऐकत होते. नऊ मतं शोधायची होती, पहाटेपर्यंत चौतीस गद्दार सापडले.

त्यातल्या एका घराशी सासऱ्यांचा चहा तुटला, तो ते जाईपर्यंत. ते घर माझ्या मैत्रिणीचं. वॉलमन आमच्या बाजूचा होता. त्या गल्लीचा वॉल तो सगळ्यात शेवटी सोडायचा, पाऊण तासाचं पाणी वीस मिनिटांवर. कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. ती हंडा घेऊन आमच्या विहिरीवर यायची तेव्हा माझ्याशी बोलायची, पण वर बघायची नाही. त्या घराने मत आमच्याच माणसाला दिलं होतं, हे मला तिच्या नवऱ्याने निवडणुकीआधी सांगितलेलं. मी ते ओसरीवर जाऊन सांगितलं नाही. सून होते.

बांधावरचा, तुम्ही आकडे वाचत होतात. तुम्ही काही बोललात का?

---

चहा_कमी_साखर | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

अक्कामावशी, दंडवत. धाग्याचा नूरच पालटला.

---

केंद्राध्यक्ष_सक्तीचा | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मावशींनी लिहिलं तेच म्हणायचं होतं, मी नियम सांगत बसलो.

---

बांधावरचा | रवि, १ डिसेंबर, रात्री १०:०५

उशिराबद्दल क्षमस्व. अक्कामावशी, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. नाही, बोललो नाही.

आज चिंतन बैठक झाली. मंगल कार्यालयात तीनशे खुर्च्या मांडल्या, माणसं चाळीस, त्यातले सहा केटरिंगचे. उमेदवार आले नाहीत, घसा बसलाय म्हणे. एकाने लाडकी बहीण म्हटलं, दुसऱ्याने पैसा म्हटलं, तिसऱ्याने यंत्र म्हटलं, एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने "कांद्यावर बोलायचं सोडून आपण संविधानावरच बोलत बसलो" म्हटलं आणि त्याला खाली बसवलं. तात्यांनी समारोपात वरून आलेला ठराव वाचला. यादी खिशात होती. हात दोनदा खिशाकडे गेलेला मी पाहिला, पण बाहेर काढली नाही.

सध्या घरी बिलांचा ढीग आहे. तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, मर्यादा ४० लाखांची. उमेदवाराने आमच्या भागाची बिलं तात्यांवर टाकलीत. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर जिल्हा प्रशासनाने ठरवून दिलेले. हरलेला माणूस दिवसभर वडापाव मोजतो आणि रात्री मतं. नाही दिला हिशेब तर तीन वर्षं उभं राहता येत नाही, म्हणून मोजायचं.

गुलालाचे पैसे आले. दोनच पोत्यांचे. दोन फाटली होती म्हणे.

---

नीरा_उजवा_कालवा | ९ डिसेंबर, दुपारी १:३०

धागा वर काढतो, कारण आमच्या माळशिरस तालुक्याने यादीचा वेगळाच प्रकार करून दाखवला. मारकडवाडी टीव्हीवर पाहिली असेलच. तालुक्यात उत्तम जानकर १३,१४७ मतांनी जिंकले. पण मारकडवाडीच्या केंद्रांवर भाजपचे राम सातपुते १,००३ आणि जानकर ८४३. गाव म्हणालं, शक्यच नाही, आमचं गाव असं करणार नाही. वर्गणी काढली, मतपत्रिका छापल्या आणि ३ डिसेंबरला स्वखर्चाने फेरमतदान ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावभर पोलीस, गुन्हे दाखल होतील म्हणून सांगितलं. शेवटी मतदान झालं नाही. काल खुद्द शरद पवार येऊन गेले.

यंत्रावर इथे बोलायचं नाही म्हणून तेवढंच सोडतो. मला वेगळं दिसतं. आमदार जिंकलाय, गुलाल पडलाय, तरी गावाला झोप नाही, कारण यादीत गावापुढे मायनस लिहिलं गेलं. आता पाच वर्षं जानकरांच्या दारात रस्ता मागायला गेलं की कुणीतरी म्हणणार, तुमचं गाव मायनस होतं ना? लोक म्हणतात लोकशाही वाचवायला उठले. असतीलही. पण आपल्या गावच्या नावापुढचा आकडा पुसायलाही उठले असतील, असं मला पारावर बसून वाटतं. शेजारगावचा आहे, चपला खायची तयारी ठेवून लिहिलंय.

दुसरी बाजूही ऐका. सातपुते हरले त्यांनी काय केलं? त्यांनी आपल्याच पक्षाच्या रणजितसिंह मोहिते पाटलांकडे बोट दाखवलं, विरोधात काम केलं म्हणून. सीनामाई, तुमच्या कर्जतची नक्कल.

---

अक्कामावशी | ९ डिसेंबर, दुपारी ३:००

नीराकाठच्या भाऊ, मायनस पुसायला उठले असतील, हे एकदम पटलं.

---

सीनामाई | १९ डिसेंबर, रात्री ९:१०

ताजी खबर. आमचे १,२४३ वाले आज विधान परिषदेचे सभापती झाले, बिनविरोध. परिषदेची आमदारकी होतीच. महिनाही नाही झाला बळी म्हणवून. सभापती म्हणजे अजितदादांसकट सगळ्यांनी उभं राहून नमस्कार करायचा. चोंडीत गुलाल उडालाय आज, जेसीबी आला का ते विचारून सांगते.

---

रोखठोक_पाटील | १९ डिसेंबर, रात्री ९:३१

आणि बांधावरचे तात्या अजून वडापाव मोजताहेत.

---

नवा_भिडू_जुना_डाव | १९ डिसेंबर, रात्री ९:४०

@रोखठोक, पहिल्यांदाच तुम्हाला +१.

@बांधावरचा, एक विचारायचं राहूनच गेलं. तुमचं स्वतःचं केंद्र होतं ना यादीत? त्यापुढे तात्यांनी काय लिहिलं? आणि रागावू नका, पण तुम्ही कुणाला दिलंत?

---

बांधावरचा | शनि, २१ डिसेंबर, रात्री ११:५५

दुसरा प्रश्न अवांतर आहे. संपादकांनी उडवला तरी चालेल.

पहिल्याचं सांगतो. हिशेब परवा तालुक्याला जमा केला. बिलांच्या फायलीतच यादी निघाली, चार पानं, घडीवर फाटायला आलेली. सगळ्या गावांपुढे लाल शाई, कुठे गोल, कुठे दोनदा अधोरेखित. आमच्या केंद्रापुढे काहीच नाही. ना लीड, ना मायनस. विसरले म्हणावं तर त्याच्या वरचं आणि खालचं दोन्ही भरलेलं.

त्या रात्री तो आकडा मीच वाचला होता. वजा तीन. आमच्या घरात अकरा मतं. मी वाचलं तेव्हा तात्या जरा थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढचं वाच."